पाळणाघराचे पैसे नेमके कशाचे? तासांचे की जागेचे?

पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : "विषयच सापडत नाही, काय करू?" माझं उत्तर दर वेळी तेच असतं. विषय आजूबाजूला भरपूर असतात, गाडी अडते ती पुढच्या पायरीवर. एखादी गोष्ट मोजायची म्हणजे नेमकं काय मोजायचं आणि कोणत्या एककात, हे ठरवताना भलेभले घसरतात. आपण सायन्सवाले मीटर, सेकंद, मोल हे शाळेपासून वापरतो, कारण ती एककं आपल्याआधी कुणीतरी ठरवून ठेवलेली असतात. माणसांच्या व्यवहारात ती सोय नसते. तिथे एकक आपणच निवडतो, आणि निवड चुकली की पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं.

हे समजून घ्यायला आज एक अगदी घरगुती व्यवहार घेऊ. चार वर्षांचं मूल अंगणवाडीत किंवा बालवाडीत जातं. त्याच्या आधीचे आणि नंतरचे तास ते कुणाकडे तरी सांभाळायला ठेवलेलं असतं. सांभाळणारी बाई त्याचे पैसे कसे लावते? प्रश्न एका ओळीचा आहे, पण संशोधन पद्धतीचा निम्मा अभ्यासक्रम त्यात मावतो.

आधी गाव आणि घड्याळ

उदाहरणासाठी दुधनी घेऊ. अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं आमचं हे गाव. नगरपरिषद आहे, बाजार समिती आहे, सोलापूर-वाडी मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे. घरात कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारी मुलं इथे घराघरात भेटतात. इथली आई कामाला जाते म्हणजे कुठे जाते? कुणी आडतीवर धान्य निवडायला, कुणी शेतावर, कुणी दुकानात, कुणी शाळेत किंवा दवाखान्यात, कुणी गाडी पकडून सोलापूरला. प्रत्येकीचं घड्याळ वेगळं आहे, पण एका गोष्टीत सगळ्या सारख्या : त्यांचा दिवस बालवाडीच्या वेळेपेक्षा मोठा आहे.

ही फट काही कुणाच्या निष्काळजीपणामुळे पडलेली नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिच्या सहा सेवा बघा : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. सगळी आखणी मुलाच्या वाढीसाठी झाली. आईच्या कामाची पाळी किती तासांची, हा प्रश्न त्या आखणीच्या केंद्रात नव्हता. म्हणून अंगणवाडीची वेळ मुलाच्या पोटाला आणि शिकण्याला पुरते, आईच्या कामाच्या दिवसाला पुरत नाही.

महाराष्ट्रात ही अडचण ओळखणारे लोक मात्र त्याआधीच होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं. 'अंगणवाडी' हा शब्द त्याच परंपरेतून आला. कोसबाडच्या 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होत्या. यातली हुशारी लक्षात घ्या. धाकट्याला सांभाळायला कुणी असेल तरच मोठी बहीण वर्गात बसू शकते. म्हणजे मूल सांभाळण्याची किंमत पैशात दिसली नाही तरी कुणीतरी ती चुकवतच असतं. कधी आई मजुरी सोडून, कधी बहीण शाळा सोडून, कधी आजी दुपारची झोप सोडून.

एकच रक्कम, तीन दर

आता गणित करू. खालचे आकडे काल्पनिक आहेत, फक्त हिशोब कळावा म्हणून घेतले आहेत. दुधनीतले खरे दर म्हणून कुठे वापरू नका.

समजा, आई सकाळी ८.३० ला मूल शेजारच्या मावशींकडे ठेवते आणि संध्याकाळी ५.३० ला नेते. मधे १० ते १ बालवाडी. मावशीच मुलाला बालवाडीत सोडतात आणि घेऊन येतात. महिन्याचे २६ दिवस, आणि पैसे ठरले १,५६० रुपये.

तासाचा दर किती?

पहिलं उत्तर : मूल प्रत्यक्ष मावशींजवळ किती वेळ आहे? सकाळी दीड तास, दुपारी साडेचार तास, मिळून रोज ६ तास. महिन्याचे १५६ तास. दर १० रुपये.

दुसरं उत्तर : मुलाला सोडून मावशी एकट्या परत येतात त्याला १५ मिनिटं, आणायला एकट्या जातात त्याला १५ मिनिटं. हा अर्धा तास मूल जवळ नाही, पण काम मुलाचंच चाललंय. रोज साडेसहा तास, महिन्याचे १६९. दर सुमारे ९ रुपये २३ पैसे.

तिसरं उत्तर : मावशी सकाळी ८.३० ते संध्याकाळी ५.३० बांधलेल्या आहेत. मूल बालवाडीत असताना त्या शेतावर रोजाने जाऊ शकत नाहीत, बाजारासाठी अक्कलकोटला जाऊन येऊ शकत नाहीत. मुलाला ताप आला तर बालवाडीतून निरोप त्यांनाच येणार. रोज ९ तास, महिन्याचे २३४. दर सुमारे ६ रुपये ६७ पैसे.

पैसे तेच, बाई तीच, मूल तेच. पण पहिल्या आणि तिसऱ्या दरात दीडपट फरक पडला, आणि तो फरक फक्त भाजकामुळे पडला. तुम्ही अहवालात नुसतं "सरासरी दर ताशी १० रुपये" असं लिहिलंत, तर मावशींचे रोजचे तीन तास तुम्ही न सांगता पुसून टाकलेत. खोटं काहीच लिहिलं नाही, तरीही पुसले गेले. एककाची निवड तटस्थ नसते असं मी म्हणते ते यासाठी. त्या निवडीत कुणाचे तरी कष्ट दिसतात किंवा दिसेनासे होतात.

मधल्या तीन तासांचं काय करायचं?

खरा वाद इथेच आहे. आई म्हणेल, "मूल तर बालवाडीत होतं, त्या तासांचे पैसे कशाला?" मावशी म्हणतील, "मी तर मोकळी नव्हते." दोघींचंही खरं आहे.

प्रयोगशाळेतलं उदाहरण घ्या. विद्यापीठाच्या एखाद्या महागड्या यंत्रावर तुम्ही दोन तासांची वेळ राखून ठेवली आणि नमुना तासाभरातच आटोपला. उरलेला तास यंत्र रिकामं होतं, पण तो तास दुसऱ्या कुणाला देता आला नाही. शुल्क वापराचं लावायचं की राखून ठेवल्याचं? पाळणाघराचा प्रश्न नेमका हाच आहे. पैसे दोन गोष्टींचे असतात : सांभाळण्याचे आणि जागा धरून ठेवण्याचे.

हे दोन भाग वेगळे करून बघायची सवय आपल्याला आहे, फक्त आपण ती इथे वापरत नाही. महावितरणचं बिल काढा. त्यात 'स्थिर आकार' वेगळा आणि 'वीज आकार' वेगळा असतो. महिनाभर घर बंद ठेवलं तरी स्थिर आकार येतोच, कारण तार तुमच्या घरापर्यंत आणून ठेवलेली आहे. मावशींच्या १,५६० रुपयांत हे दोन्ही आकार एकत्र गुंडाळलेले आहेत. ते सोडवून दाखवणं हे संशोधकाचं काम.

इंग्लंडमध्ये हा व्यवहार बऱ्यापैकी कागदावर आलेला आहे. तिथे घरी मुलं सांभाळणाऱ्या नोंदणीकृत बाईला एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहाच मुलं ठेवता येतात, आणि त्यांतली लहान, म्हणजे पाच वर्षांखालची, साधारणपणे तीनच. तीन-चार वर्षांच्या मुलांना वर्षातले ३८ आठवडे सरकारी खर्चाने पूर्वशाळेचे तास मिळतात. मग मूल त्या वेळेत पूर्वशाळेत असेल तर सांभाळणारीने पैसे घ्यावेत का? जागा तीनच असतील आणि त्यातली एक दुपारी परत येणाऱ्या मुलासाठी धरून ठेवलेली असेल, तर सकाळपुरतं दुसरं मूल मिळणं कठीण. म्हणून कुणी पूर्ण पैसे घेतं, कुणी राखीव जागेचे कमी पैसे घेतं, कुणी फक्त प्रत्यक्ष तासांचे. दुधनीत कायद्याने घातलेली मर्यादा नसली तरी घराची मर्यादा असतेच : एक खोली, दोन हात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या.

पैसे लावण्याच्या चार पद्धती

प्रत्येक पद्धत वाचताना एकच प्रश्न विचारा : धोका कुणाच्या अंगावर आहे?

१. महिन्याचे ठरावीक पैसे. मूल आजारी पडलं, मामाच्या गावी गेलं तरी पैसे तेच, हा धोका आईचा. पण बालवाडीला सुट्टी लागली की मावशींचे तास वाढतात आणि पैसे तेच राहतात, हा धोका मावशींचा. वरच्या उदाहरणात मे महिन्यात बालवाडी बंद असेल तर ६ तासांचे ९ तास होतात. पहिल्या पद्धतीने काढलेला दर न बोलता १० वरून ६ रुपये ६७ पैशांवर येतो. कुणी दर कमी केला? कुणीच नाही. कॅलेंडरने केला.

२. तासाचे पैसे. वरवर सगळ्यात न्याय्य वाटतात. पण यात रिकाम्या वेळेचा पूर्ण भार मावशींवर पडतो. आडतीवर माल कमी आला, आईला काम मिळालं नाही, की त्या दिवशी मावशींचाही रोज बुडाला. म्हणजे बाजारातल्या मंदीचा फटका एका घरातून दुसऱ्या घरात जातो.

३. ठरावीक अधिक वापराचे. अमुक वेळेपर्यंतचे महिन्याचे ठरलेले, त्यापुढचे वेगळे, सुट्टीच्या दिवसाचे वेगळे. हिशोब ठेवायची तयारी असेल तर दोघींनाही परवडतं. अडचण एकच : रोजच्या ओळखीच्या माणसाकडे वही काढून हिशोब मांडायला संकोच वाटतो.

४. पैसे कमी, बाकी वस्तू आणि मदत. ज्वारीचं पोतं, दिवाळीला साडी, मावशींच्या मुलाची शिकवणी, दवाखान्यात सोबत. हे पैशात मांडलं नाही तर दर फसवा दिसतो, आणि मांडलं तर नात्याला भाव लावल्यासारखं वाटतं. अशा वेळी दोन रकाने करा : रोख आणि इतर. 'इतर'ची किंमत स्वतःच्या मनाने लावू नका, वस्तू आणि प्रमाण लिहा.

दर, खर्च आणि मोल

नवे संशोधक या तीन शब्दांची हटकून गल्लत करतात. सरकारी उदाहरणाने फरक स्पष्ट होईल. २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत एका पाळणाघरात २५ मुलं, सांभाळायला एक सेविका आणि एक मदतनीस, महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास अशी रचना होती. पालकांचं मासिक शुल्क उत्पन्नावर होतं : दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला मुलामागे २० रुपये, आईवडिलांचं मिळून उत्पन्न महिना १२,००० पर्यंत असेल तर १०० रुपये आणि त्याहून जास्त असेल तर २०० रुपये.

२६ गुणिले साडेसात म्हणजे १९५ तास. सगळ्यात वरच्या गटालासुद्धा तासाला जेमतेम एक रुपया पडतो, सगळ्यात खालच्या गटाला दहा पैसे. यावरून "मूल सांभाळायला तासाला एक रुपया लागतो" असं कुणी लिहिलं तर आपण हसू. तो पालकांनी दिलेला दर आहे. खर्च वेगळा, कारण मोठा वाटा सरकार उचलतं. आणि मोल आणखी वेगळं : ते तास मिळाले नसते तर आईला किती मजुरी सोडावी लागली असती, त्यावर ते ठरतं. हीच योजना २०२२ पासून मिशन शक्तीखाली 'पाळणा' नावाने चालते, आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची कल्पना त्यात आहे. म्हणजे १९७५ च्या आखणीत राहिलेली फट भरायचा प्रयत्न सुरू आहे.

मावशींच्या १,५६० रुपयांबाबतही हेच तीन प्रश्न विचारा. दर आपल्याला माहीत आहे. त्यांचा खर्च किती, म्हणजे दुपारचा खाऊ, दूध, साबण, गॅस? आणि त्या वेळेत त्यांना दुसरं काय करता आलं असतं? सोलापूर जिल्ह्यात हजारो बायका घरी विड्या वळतात आणि त्यांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. मावशी विड्या वळत असतील तर बालवाडीच्या मधल्या वेळेत त्यांचं सूप चालू राहील. शेतमजूर असतील तर तो वेळ त्यांच्या काहीच कामाचा नाही. म्हणजे त्याच तीन तासांचं मोल दोन बायकांसाठी वेगळं आहे.

उशिराचा दंड लावला तर?

गाडी लेट झाली आणि आई पावणेसहाच्या ऐवजी साडेसहाला आली. जास्तीचे पैसे लावावेत का? यावर झालेला एक प्रयोग प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने माहीत करून घ्यावा असा आहे. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांत २० आठवडे निरीक्षण केलं. २००० साली हा निबंध प्रसिद्ध झाला. पहिले चार आठवडे फक्त नोंदी. मग सहा पाळणाघरांत दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर १० शेकेल दंड लावला, चार पाळणाघरं तुलनेसाठी तशीच ठेवली. अपेक्षा अशी की उशीर कमी होईल. झालं उलटं : उशिरा येणाऱ्या पालकांची संख्या वाढत गेली आणि जवळजवळ दुप्पट झाली. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर परत आला नाही.

लेखकांनी लावलेला अर्थ असा : दंड नव्हता तेव्हा उशीर म्हणजे बाईंच्या चांगुलपणावर पडलेला भार वाटायचा. दंड आला आणि तो एका सेवेचा भाव झाला. भाव भरला की अपराधी वाटायचं कारण उरत नाही.

यातून दोन धडे. एक, पैसे लावण्याची पद्धत माणसांचं वागणं नुसतं नोंदवत नाही, ते बदलते. दोन, तुलनेसाठी चार पाळणाघरं बाजूला ठेवली होती म्हणूनच दंडाचा परिणाम दंडाचाच आहे असं म्हणता आलं. मात्र हा निष्कर्ष उचलून दुधनीला चिकटवू नका. तिथे संस्था होती आणि पालक ग्राहक होते. इथे मावशी आहेत, आणि त्या उद्या लग्नात त्याच पंगतीला भेटणार आहेत.

दुधनीत हा अभ्यास करायचा झाला तर

पहिलं, शब्द. "तुमच्या गल्लीत पाळणाघर आहे का?" असं विचारलंत तर "नाही" उत्तर येण्याची शक्यता दाट, कारण पाळणाघर म्हटलं की लोकांना पाटी लावलेली जागा आठवते. "मूल कुणाकडे ठेवता?" असं विचारा, उत्तर लगेच येईल : मावशींकडे, अक्कांकडे, आजींकडे. कन्नड बोलणाऱ्या घरात प्रश्नाचं कन्नड रूप आधी चार-पाच जणींना विचारून तपासून घ्या. नात्याच्या नावामागे पैशांचा व्यवहार आहे की नाही हा प्रश्न दुसऱ्या भेटीत विचारायचा, पहिल्या नाही.

दुसरं, वेळेची नोंद. आपल्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणात पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ असे २४ तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत नोंदले जातात. २०१९ च्या सर्वेक्षणात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ गेला, अशा पुरुषांचा ९७ मिनिटं. घरातल्यांची विनावेतन काळजी घेण्यात १३४ आणि ७६. तोच साचा वापरा, पण एक रकाना वाढवा : "या अर्ध्या तासात घर सोडून जाता आलं असतं का?" बांधलेला वेळ या एका प्रश्नातून पकडता येतो.

तिसरं, काम कशाला म्हणायचं. अर्थतज्ज्ञ मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्ये एक कसोटी मांडली : जे काम पैसे देऊन दुसऱ्या कुणाकडून करून घेता येईल, ते उत्पादक काम. या कसोटीवर आजीने फुकट सांभाळलेले तासही मोजणीत येतात. पैशांचे रकाने रिकामे राहतील, तासांचे भरा.

चौथं, गुपितता. छोट्या गावात नाव न लिहिणं पुरेसं नसतं. "स्टेशनजवळ राहणाऱ्या, चार मुलं सांभाळणाऱ्या विधवा बाई" एवढं लिहिलंत की अख्ख्या गावाला कळलं. एखादीने एका घराकडून कमी आणि दुसऱ्याकडून जास्त पैसे घेतले असतील, तर तुमच्या तक्त्यामुळे तिचं काम जाऊ शकतं. संमती घ्या, आणि लिहिताना तपशील एवढेच ठेवा की निष्कर्ष उभा राहील पण माणूस ओळखू येणार नाही.

तुमच्यासाठी सराव

तुमच्या गल्लीतलं असं एकच उदाहरण निवडा आणि परवानगी घेऊन एका आठवड्याची नोंद करा. मग तीन भाजकांनी तीन दर काढा : प्रत्यक्ष तास, कामाचे तास, बांधलेले तास. तिन्ही दर एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी लिहा आणि खाली दोन ओळींत सांगा की तुमच्या प्रश्नासाठी कोणता दर योग्य आणि का. आईला कामावर जाणं परवडतं का, हा तुमचा प्रश्न असेल तर दर तासाचा नकोच, तिच्या रोजच्या मजुरीतला किती हिस्सा जातो ते काढा. मावशींचं पोट भरतं का, हा प्रश्न असेल तर बांधलेले तास घ्या, आणि मुलं किती तेही लिहा, कारण त्यांची कमाई एका मुलावर ठरत नाही.

सारांश लिहिताना 'दर' या शब्दाआधी कशाचा दर ते लिहायला विसरू नका. प्रवेशाच्या मुलाखतीत परीक्षक बहुतेक तिथेच बोट ठेवतील. आणि तुमचा अहवाल वाचून उद्या कुणी सरकारी मानधन किंवा अनुदान ठरवायला बसलं, तर मावशींचे ते तीन तास धरले जातील की वगळले जातील, हे त्या एका शब्दावर ठरेल.